अस्वलाच्या पिंजऱ्यातलं चितळ

१९९९ साली, मोहफुलं वेचायच्या दिवसांत, बाबा सकाळच्या गाडीने गोंदियाला आले. सौंदडला गाडीत बसले ते इथे उतरेपर्यंत मांडीवरची टोपली त्यांनी खाली ठेवली नाही. टोपलीवर आईचं जुनं लुगडं बांधलेलं होतं. शेजारच्या माणसाने काय आहे म्हणून विचारलं, तर बाबांनी कोंबड्या सांगितलं. कोंबड्या एवढ्या गप्प कशा, असं तो म्हणाला. बाबा म्हणाले, "भेल्या आहेत."

हे सगळं त्यांनी मला बागेच्या फाटकातच हसत सांगितलं आणि मग लुगड्याची गाठ सोडली. आत चितळाचं पाडस होतं. पाठीवर पांढरे ठिपके, काड्यांसारखे पाय पोटाखाली दुमडलेले, डोळे उघडे आणि अंग मेल्यासारखं निश्चल. मला वाटलं मेलंच. बोट लावलं तर बरगड्यांखाली धडधड लागली.

"कुठं सापडलं?" मी विचारलं.

"आपल्या मोहाखाली. फुलं येचून राहिलो होतो, पाय पडनार होता त्याच्यावर."

"आन् माय?"

"माय कोठी आहे? सकारपासून सांजवरी बसलो मी त्याच्यापाशी. गावातले कुत्रे येतात ना तिकडं. जागचा हाललो नाई. आली नाई ते आली नाई. बिबट्यानं खाल्ली असन, नाईतर कोनी मारली असन. मंग काय, सोडून देऊ कुत्र्याईले?"

बाबांनी अर्धं आयुष्य जंगलखात्याच्या रोजंदारीवर काढलं होतं. वणवा अडवायच्या जाळरेषा साफ करणं, रोपं लावणं, तेंदूपत्ता. हरणी पिल्लू गवतात लपवून चरायला जाते, हे त्यांना माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच ते बसले. दुसऱ्या कोणी दिसताक्षणी उचललं असतं. बाबांनी दिवसभराची फुलं सोडली, जेवण सोडलं आणि वाट पाहिली.

मला तेव्हा बागेत लागून सहा महिने झाले होते. बाग एका राइस मिलवाल्या शेठच्या ट्रस्टची. गावात सगळे तिला चिडियाघर म्हणत. तारेच्या कुंपणात सात-आठ चितळं, एक अस्वल, दोन वानरं, सिमेंटच्या टाक्यात मगर, काचेमागे अजगर, चार मोर, आणि लोकांना घरी नकोसे झालेले पोपट, ससे, कासवं. मी बारावी शिकलेली, म्हणून जनावरांचं खाणं तयार करणं आणि नोंदवही लिहिणं ही दोन कामं मला मिळाली. राहायला तिकीट-खिडकीच्या मागची खोली. नवरा शेठच्याच मिलमध्ये. म्हणजे त्याची नोकरी, माझी नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर, तिन्हींचं फाटक एकच, आणि त्याची किल्ली मॅनेजरकडे.

मॅनेजरला पाडस बघून आनंद झाला. "अरे वा, बाई! पिताजी तो बढिया चीज़ लाए!" त्याने रीतसर वनविभागाला कळवलं. तिकडून एक जण आला, पाहून गेला, पाडस आमच्याकडेच ठेवायचं ठरलं. नोंदवहीत मी माझ्या हाताने लिहिलं: चितळ, नर, वय अंदाजे चार दिवस, अनाथ.

बाबांनी 'अनाथ' हा शब्द माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि मान हलवली.

पाडस मी शेळीच्या दुधावर वाढवलं. बाटलीने दूध पाजणं सोपं असतं. कठीण असतं ते पुढचं. हरणी पिल्लाला मागून चाटते, तेव्हाच ते शी करतं. ती नसेल तर ओल्या कोमट फडक्याने दर वेळी पुसावं लागतं, नाहीतर पोट फुगून मरतं. मी दिवसातून पाच वेळा पुसलं. त्या काळात मला स्वतःचं मूल नव्हतं आणि शेजारणी यावरून बोलायच्या ते बोलायच्या. मी लक्ष दिलं नाही. मला ते काम होतं, आणि काम नीट झालं की मला बरं वाटतं, एवढंच.

ते जगलं. माझ्या मागे मागे बागभर फिरायला लागलं. लोकांना फार मजा वाटायची. मुलं त्याला बिस्किटं द्यायची, बायका त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायच्या. तिकिटं वाढली म्हणून मॅनेजर खूश होता. वर्षाचं झाल्यावर मी त्याला कुंपणात इतर चितळांमध्ये सोडलं. तिथे त्याला कोणी घेतलं नाही. माद्या त्याला हुसकावायच्या, आणि त्यालाही त्यांचं काही पडलेलं नव्हतं. सगळा कळप कुंपणाच्या लांबच्या टोकाला असायचा आणि हा दिवसभर तारेला चिकटून माणसांच्या बाजूला.

तिसऱ्या वर्षी त्याला पहिली मोठी शिंगं आली. उन्हाळ्यात नर माजावर येतात, एकमेकांना भिडतात. याने कळपातल्या नरांकडे पाहिलंही नाही. तो माणसांत वाढला होता, त्यामुळे त्याच्या लेखी आडवी येणारी जात माणसाचीच. मी चाऱ्याचं घमेलं घेऊन आत गेले. तो मान खाली घालून आला, मला वाटलं नेहमीसारखा हुंगायला येतोय. डावं शिंग माझ्या मांडीत चार बोटं गेलं. मी घमेलं त्याच्या तोंडावर दाबून धरलं आणि मागे सरकत सरकत दरवाजा गाठला. अकरा टाके पडले.

मॅनेजर म्हणाला, "हो जाता है कभी-कभी. जानवर है. पब्लिक को मत बताना."

पण तो तारेजवळच उभा राहायचा आणि तारेला तोंड लावून मुलं उभी असायची. दवाखान्यातून आल्यावर मीच म्हणाले, "याला वेगळा काढा. अस्वलाच्या पिंजऱ्यात टाका." अस्वलाला त्याच वर्षी लांबच्या एका केंद्रात नेलं होतं आणि त्याचा पिंजरा रिकामा होता. मॅनेजरला ते पटत नव्हतं. मी हट्ट धरला. कुंपणात मधोमध जाळी टाकून याला स्वतंत्र भाग करून द्यायचा, तोवर पंधरा दिवस पिंजऱ्यात, असं आमचं ठरलं.

पंधरा दिवस हे माझे शब्द. तो त्या पिंजऱ्यात बारा वर्षं होता. मेला तोही तिथेच.

पिंजरा अस्वलालाही लहान होता. सिमेंटची जमीन, तीन बाजूंना भिंती, समोर गज, मागे एक अंधारी खोली. चितळाची सहा पावलं, मग वळायचं, परत सहा. मी खाली भाताचं तणस घातलं. ते रोज ओलं व्हायचं आणि रोज काढावं लागायचं. चालणं नाही म्हणून खूर वाढले. माजाच्या दिवसांत तो शिंगं गजांवर घासायचा, आपटायचा. आमच्या खोलीची खिडकी त्याच बाजूला. नवऱ्याला मिलच्या आवाजात राहायची सवय होती, पण या आवाजाने तो वैतागायचा. "खिडकी लाव," म्हणायचा. गोंदियाच्या उन्हाळ्यात खिडकी लावून कोण राहील?

जाळी एकदा आली. लोखंडी, चांगली. दोन दिवस फाटकाशी पडून होती आणि तिसऱ्या दिवशी ती स्कूटर-स्टँडला लागली.

मी नोंदवहीत लिहिलं: पिंजरा चितळासाठी अयोग्य, जनावर खंगत आहे, जाळी त्वरित लावावी. ती वही तपासणीला जायची, म्हणून मुद्दाम शाईने लिहिलं. मॅनेजरने मला काहीच विचारलं नाही. त्या आठवड्यात नवऱ्याला मिलमध्ये बोलावून घेतलं. तो घरी आला, चप्पल काढली आणि दारातच म्हणाला, "तुले लिवाचा लय शौक आहे म्हने."

"खरं आहे तेच लिहिलं."

"खरं आहे ना. मंग ते खरं घेऊन कुठं राहाले जाशील? तुह्या बापाच्या मोहाखाली?"

पुढच्या आठवड्यात त्या रकान्यात मी 'ठीक' लिहिलं. त्यानंतर बरीच वर्षं 'ठीक'च लिहीत होते.

दरम्यान बागेतली वस्ती बदलत गेली. प्राणीसंग्रहालयांचा कायदा बघणाऱ्या सरकारी लोकांनी येऊन मोजमाप केलं. एवढ्या जनावराला एवढी जागा, हे नाही तर ते जनावर ठेवता येणार नाही. मगर गेली. तिला न्यायला आलेल्या माणसांनी तिचे डोळे ओल्या फडक्याने झाकले तर ती गाईसारखी शांत झाली. अजगर गेला. वानरं गेली, आणि शनिवारी त्यांना चणे-केळी द्यायला येणारे म्हातारे दोन-तीन महिने रिकाम्या पिंजऱ्यासमोर केळी ठेवून जात राहिले. मोर एकेक करून मेले. लोक मात्र आणून टाकतच राहिले. सकाळी फाटक उघडावं तर पोपटाचा पिंजरा, खोक्यात ससा. चितळाची पाडसंही येत. गवत कापताना सापडलं, तेंदूपत्ता तोडताना सापडलं. मी दरवेळी 'अनाथ' लिहायची आणि शेळीचं दूध मागवायची. बरीचशी आठ दिवसांत मरायची.

पिंजऱ्यातल्या याला कुठे पाठवावं म्हणून मॅनेजरनेही दोन पत्रं लिहिली, हे मी मान्य करते. जंगलात सोडता येत नाही, कारण तो माणूस दिसला की पळणार नाही, अंगावर जाईल. मोठ्या प्राणीसंग्रहालयांत चितळं मुळातच जास्त होती, त्यातून हाताने वाढवलेला नर कोणाला हवा? उत्तरं आली, सगळी नम्र भाषेत, सगळी नकाराची.

बाबा दरवर्षी यायचे. मोहफुलं वेचून झाली की त्यातली शेरभर फुलं लुगड्याच्या फडक्यात बांधून आणायची, हा त्यांचा नेम. पिंजऱ्याशी जाऊन गजांतून ओंजळ आत घालायची. तो सगळ्यांवर धावायचा, पण मोहाच्या वासाने नरम व्हायचा आणि बाबांच्या हातातून खायचा. बाबा आजूबाजूच्या लोकांना सांगायचे, "मी आनलो याले. एवढा होता. मरूनच गेला असता. माह्यामुळं जगला." पिंजऱ्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "बिबट्याच्या पोटापरीस बराच," म्हणायचे.

मग नवे पशुवैद्य आले. तरुण होते, आठवड्यातून एकदा यायचे, आणि आधीच्या डॉक्टरांसारखे चहा पिऊन जायचे नाहीत. गुंगीचं इंजेक्शन देऊन त्यांनी पहिल्यांदा याचे खूर छाटले. ते काम झाल्यावर हात धुऊन माझ्या खोलीच्या पायरीवर बसले आणि जुन्या नोंदवह्या मागितल्या. बराच वेळ पानं उलटून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ताई, हे 'अनाथ' सगळीकडे तुम्हीच लिहिलंय?"

"हो."

"कशावरून लिहिता? आई मेलेली पाहिली होती कोणी?"

"आई नव्हती तिथे. म्हणून तर आणतात."

"आई नसतेच तिथे. ती पिल्लाजवळ थांबली तर तिच्या वासाने बिबट्या येईल. दिवसातून दोन-चारदा दूध पाजायला येते आणि जाते."

"ते माहीत आहे," मी म्हणाले. मला थोडा राग आला होता. "माझे बाबा जंगलातले आहेत. त्यांनी तसंच उचललं नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली."

"कुठून पाहिली?"

"कुठून म्हणजे? पिल्लाजवळ बसून. कुत्री येतात तिकडे."

डॉक्टरांनी वही मिटली. त्यांनी बोलायच्या आधीच मला कळलं.

"माणूस बसलाय म्हटल्यावर ती कशी येणार?" ते म्हणाले. "ती पण दिवसभर जवळपासच असेल. झुडपात. ते उठायची वाट पाहत."

गजांमागे तो गुंगीतून उठायचा प्रयत्न करत होता. पुढचे पाय उभे व्हायचे, मागचे सरकायचे. मी त्याला आधार द्यायला गेले नाही, कारण जाऊन चालत नाही.

रात्रभर रडत बसणाऱ्यांपैकी मी नाही. दुसऱ्या दिवशी पेंटरच्या दुकानातून एक पत्रा आणला आणि निळ्या रंगात लिहिलं: रानात पाडस दिसल्यास हात लावू नका. त्याची आई जवळ असते. तिथून दूर व्हा. तो बोर्ड मी तिकीट-खिडकीशेजारी, माझ्या खोलीच्या भिंतीवर लावला. मॅनेजरने हरकत घेतली नाही, कारण त्याने तो वाचला नाही. काही लोकांनी वाचला. त्या वर्षी पाडसं कमी आली.

बाबा चौथीपर्यंत शिकलेले. अक्षरं जुळवून वाचायचे. ते यायच्या दिवशी मी त्या बोर्डावर ओली गोणपाटं वाळत टाकली. पुढच्या वर्षीही टाकली, आणि त्याच्या पुढच्याही वर्षी. मला वाटायचं, सत्तरीच्या माणसाला हे सांगून काय मिळणार आहे? जे झालं ते उलटत नाही. हा विचार मला फार शहाणपणाचा वाटत होता.

त्यानंतरच्या मोहाच्या दिवसांत, तिकिटं बंद करायच्या वेळेला बाबांचा फोन आला. त्यांच्या गावात तेव्हा रेंज नव्हती. फोन करायचा तर सडकेवरच्या पुलियावर यावं लागे.

"बाई, आयकून राहिली का? अजून एक भेटलं."

"काय भेटलं?"

"पिल्लू! चितराचंच. त्याच मोहाखाली. आपला होता ना, तसाच्या तसा."

माझ्या हातात दोन माणसांची तिकिटं होती. ती मी तशीच खिडकीतून सरकवली. "तुमी कुठं आहा आता?"

"पुलियावर. दुपारपासून बसून होतो त्याच्यापाशी. माय नाई आली. म्हनलं तुले सांगावं, दूध-बीध पाहून ठेव. आता जातो, उचलतो, आन् उद्याच्या गाडीनं..."

"जाऊ नका."

"काऊन?"

"जाऊ नका म्हनते ना. घरी जा."

"अवं, कुत्रे खातीन त्याले!"

"खाऊ द्या. तुमी घरी जा."

"डोकं ठिकान्यावर आहे का तुह्यं? मायबिना लेकरू रानात टाकून..."

"माय आहे त्याची," मी म्हणाले. खिडकीपाशी उभी असलेली माणसं माझ्याकडे बघायला लागली, एवढा माझा आवाज चढला होता. "तुमी बसले म्हनून ते येऊन नाई राहिली. झुडपात असन उभी. तुमी उठून गेले म्हनजे येईन."

फोनमध्ये एक ट्रक गेल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "तुले कोनं सांगतलं?"

"डॉक्टरनं."

"कवा?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. "तीन वर्सं झाली," मी म्हणाले.

"म्हंजे आपला तो..."

"हो."

त्यांनी फोन ठेवला की कट झाला, कळलं नाही. मी पुन्हा लावला. कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. म्हणजे ते पुलियावरून निघाले होते. पुलियापासून डावीकडे आमचं घर आणि उजवीकडे मोह. कोणत्या बाजूला गेले, ते कळायला मार्ग नव्हता.

मी तिकडे जाऊ शकत नव्हते. शेवटची बस निघून गेली होती, आणि असती तरी फाटक, गल्ला, संध्याकाळचं खाणं हे सगळं माझ्यावर होतं. नवरा मिलमध्ये. मी चारा कापला. कळपाला दिला. मग अस्वलाच्या पिंजऱ्याशी घमेलं सरकवलं. तो सहा पावलं आला, वळला, सहा पावलं गेला. मी तिथे उभी राहून एकच हिशेब करत होते. बाबांना तिथून उठून पुलियावर यायला अर्धा तास लागतो. म्हणजे फोनसाठी का होईना, ते अर्धा तास पिल्लापासून लांब होते. तेवढ्यात ती आली असेल तर? आणि आता ते परत जाऊन बसले असतील तर? मी त्यांना तीन वर्षं आधी सांगितलं असतं, तर हा हिशेब करायची वेळच आली नसती. बोर्ड भिंतीवर होता. तो उद्या-परवा झाकायचा म्हणून गोणपाटं मी धुऊनसुद्धा ठेवली होती.

बाबा पिल्लू घेऊन आले तर सकाळच्याच गाडीने येणार, हे मला ठाऊक होतं. नाही आले तर त्यांनी ऐकलं. म्हणून सकाळी गाडीची वेळ झाली तशी मी मुद्दाम कळपाच्या लांबच्या टोकाला झाडायला गेले. तिथून फाटक दिसत नाही. झाडून झालं, वेळ टळून गेली, तेव्हा मला जरा सुटल्यासारखं वाटलं. परत येऊन पाहते तर बाबा फाटकातून आत येत होते.

त्यांच्या काखेत लुगड्याचं फडकं बांधलेलं होतं.

मी झाडू हातात घेऊन उभी राहिले. ते जवळ आले. मी गाठोड्याकडे बघत होते, ते त्यांच्या लक्षात आलं.

"फुलं आहेत," ते म्हणाले.

"आन् ते?"

"घरी गेलो मी. तू म्हनली म्हनून. जेवलोबी नाई, झोपलोबी नाई, पन गेलो नाई तिकडं. पहाटे उजेड पडल्यावर पाहून आलो मंग. नाई तिथं."

"रगत?"

"रगत नाई, केस नाईत. गवत दबून होतं एवढंसं." त्यांनी हाताने ताटाएवढी जागा दाखवली. "मायनं नेलं का कुत्र्यानं उचललं, मले नाई ठाऊक. कुत्रा असता तं काहीतरी पडलं असतं."

"मायनंच नेलं असन."

"तू कायले सांगते? तू होती का तिथं?" बाबा फटकन म्हणाले. मग चालत पिंजऱ्याकडे गेले.

तो त्यांना ओळखायचा. गजांशी आला आणि नाक बाहेर काढलं. बाबांनी फडकं सोडलं, पण ओंजळ आत घातली नाही. जमिनीवरची एक काटकी घेतली, फुलं खाली ओतली आणि काटकीने थोडी थोडी आत लोटली. लोटून झाल्यावर मागे सरले. तो खात होता तोवर आणखी मागे सरले, वानरांच्या रिकाम्या पिंजऱ्यापर्यंत, आणि त्याच्या आडोशाला उभे राहिले. मी म्हणाले, "बाबा, चहा घ्या." ते म्हणाले, "थांब जरासाक." असे ते बराच वेळ उभे होते. एक कुटुंब आलं, पोरांनी चितळ पाहिलं, गजांवर दगड वाजवला, गेलं. त्या दिवशी बाबा कोणाला काही म्हणाले नाहीत.

चहा प्यायला खोलीकडे आले तेव्हा बोर्ड उघडाच होता. घाईत गोणपाटं टाकायची राहून गेली होती. बाबा बशी हातात धरून त्याच्यासमोर उभे राहिले आणि अक्षरं जुळवत मोठ्याने वाचू लागले. रा-ना-त. पा-ड-स. पूर्ण वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मी मध्ये मदत केली नाही.

"तू लिवली?"

"हो."

"कवापासून आहे हे इथं?"

"तीन वर्सांपासून."

"मले नाई दिसला कवा."

"मी झाकत होती."

त्यांनी बशीतला चहा संपवला. मला वाटलं आता मला बोलतील. बोलायला हवं होतं. पण त्यांनी बोर्डाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बराबर नाई लिवलं. 'दूर व्हा.' किती दूर? मानसाले वाटते, दहा पावलं सरकलो म्हंजे झालो दूर. मी तं एका पावलावर होतो आन् मले वाटे मी राखन करून राहिलो. दूर नको लिवू."

"मंग काय लिहू?"

"घरी जा, लिव."

दुपारी ते परतीच्या गाडीला गेले. मी निळा रंग काढला. तो वाळून दगड झाला होता, रॉकेल घालून पातळ करावा लागला. 'तिथून दूर व्हा' खरवडून काढलं आणि त्या जागी लिहिलं: तिथे बसू नका. लगेच घरी जा. मग नोंदवहीही उघडली. शाईने त्या दिवसाच्या रकान्यात 'ठीक' न लिहिता पुन्हा तेच जुनं वाक्य लिहिलं, पिंजरा अयोग्य आहे, जाळी लावावी. नवऱ्याला आधी सांगून ठेवलं, की बोलावणं येईल. आलंही. जाळी काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने पहिल्यांदाच बोर्ड वाचला, कारण रंग ओला होता आणि त्याच्या बाहीला लागला. "ये क्या लिखा है, बाई? टिकट खिड़की पे लिखती हो, घर जाओ? पब्लिक भाग जाएगी."

"जाऊ द्या," मी म्हणाले आणि चाऱ्याचं घमेलं उचललं. पिंजऱ्यात शिंगं आपटायला सुरुवात झाली होती.